परतीचं गाणं गाणारा गार्देल

टँगो म्हटलं की मला फक्त 'सेंट ऑफ अ वुमन'मधला अल पचिनोचा नाच आठवायचा. क्वीन्समध्ये एका प्रोजेक्टवर होतो, तेव्हा शेजारच्या क्यूबमधला अर्जेंटिनाचा सहकारी रात्री बिल्ड चालू असताना एकच गाणं परत परत लावायचा. 'बोल्वेर'. म्हणजे परतणं. गाण्यातला माणूस कितीतरी वर्षांनी गावी निघालाय, केस पिकलेत, आणि आनंदापेक्षा धास्तीच जास्त. तिथे जुनं सगळं वाट बघत असणार ना!

हे गाणं इथेच, अस्टोरियाच्या स्टुडिओत चित्रित झालंय, असं त्याने सांगितलं आणि मी कार्लोस गार्देलच्या मागे लागलो.

गार्देल म्हणजे टँगोचा बादशहा, पण जन्म फ्रान्समधल्या तुलूजचा, १८९० चा. आई बर्थ, लग्न झालेलं नाही. लोकांच्या नजरा चुकवत १८९३ मध्ये ती पोराला घेऊन ब्युनोस आयर्सला उतरली आणि कपड्यांना इस्त्री करून तिने त्याला वाढवलं. १९१४ च्या जनगणनेत त्या शहरातले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. म्हणजे आपल्यासारखेच, सगळ्यांचं एक घर मागे राहिलेलं. टँगो तोवर मुख्यतः नाचायचा प्रकार. १९१७ मध्ये गार्देलने 'मी नोचे त्रिस्ते' रेकॉर्ड केलं, प्रेयसी सोडून गेलेल्या माणसाची व्यथा, आणि टँगो गाऊन रडायची सोय झाली.

आता कागदपत्रांची गंमत ऐका. १९२० मध्ये त्याने उरुग्वेच्या वकिलातीत आपला जन्म ताक्वारेंबोचा असल्याचं नोंदवलं. फ्रान्समध्ये जन्मलेल्याला पहिल्या महायुद्धाच्या सैन्यभरतीचा प्रश्न होता, त्यातून सुटायला हे केलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९२३ मध्ये तो अर्जेंटिनाचा नागरिक झाला. त्या एका कागदावरून दोन देश अजून भांडतात! ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलेल्याला यात हसू येणार नाही.

१९३३ च्या अखेरीस त्याने ब्युनोस आयर्स सोडलं. न्यूयॉर्कमध्ये सिनेमे केले. त्यातल्या 'एल दिया के मे किएरास'मध्ये घरी निघालेल्या जहाजावर तो 'बोल्वेर' गातो. चाल त्याची, शब्द आल्फ्रेडो ले पेराचे. त्याच सिनेमात पेपर विकणारा पोरगा आहे तो आस्टोर पियाझोला, न्यूयॉर्कमध्ये वाढत असलेला अर्जेंटिनाचा मुलगा, पुढे स्वतःच टँगोतला मोठा संगीतकार झाला. गार्देलला त्याला दौऱ्यावर न्यायचं होतं. वडील म्हणाले, वय लहान आहे, नको.

त्या नकाराने पोरगा वाचला. २४ जून १९३५ ला कोलंबियात मेदेयीनच्या धावपट्टीवर दोन विमानं धडकली. गार्देल गेला, ले पेराही गेला. बर्थ तेव्हा तुलूजमध्ये होती. जिथून लेकराला घेऊन निघाली होती, तिथेच तिला बातमी कळली.

पार्थिव कोलंबियाचे डोंगर उतरून, बोटीने आधी न्यूयॉर्कला आलं आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये ब्युनोस आयर्सला पोचलं. रस्त्यावर माणसांचा समुद्र होता. चाकारिता स्मशानभूमीत त्याचा पुतळा आहे, आणि लोक अजूनही त्याच्या बोटांत पेटती सिगरेट ठेवून जातात.

प्रोजेक्ट संपल्यावर सहकारी परत गेला नाही. त्याने क्वीन्समध्येच घर घेतलं.