मुळा-मुठेच्या माशांचा नामकर्ता

स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावर अ‍ॅबर्डीन हे बंदर आहे. डी आणि डॉन या दोन नद्या तेथे समुद्राला मिळतात. डी नदी जगभरच्या गळकऱ्यांना ठाऊक आहे ती सॅमन माशासाठी. समुद्रात वाढलेला सॅमन अंडी घालण्यासाठी जन्मनदीकडे परततो. गोड्या पाण्यात आल्यावर तो अन्न घेत नाही. म्हणून त्याला आमिष दाखवून भागत नाही. पिसे आणि रंगीत धागे आकड्यावर बांधून केलेली खोटी माशी त्याच्यापुढे नाचवून त्याला डिवचावे लागते. या अ‍ॅबर्डीनचे ब्रिटिश संसदेत १८५७ ते १८७२ अशी पंधरा वर्षे प्रतिनिधित्व करणाऱ्या गृहस्थांचे नाव मात्र सॅमनशी जोडले गेले नाही. ते जोडले गेले पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीर माशाशी. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ते गृहस्थ होत.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी यॉर्कशायरमधील एका घराण्यात झाला. वयाची चौदा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले आणि १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी पहिली मोठी लढाई पाहिली. पुढच्या काळात हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकून ते दुभाष्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. त्या काळी अशा परीक्षा बढतीच्या आशेने दिल्या जात. साइक्स यांच्या बाबतीत या भाषाज्ञानाचा उपयोग बढतीपुरता राहिला नाही.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी कंपनीची लढाई झाली, तेव्हा साइक्स कंपनीच्या देशी शिपायांचे नेतृत्व करीत होते. मराठी राज्य बुडविणाऱ्या फौजेचे ते अधिकारी होते, हे विसरता येत नाही. त्याच मुळेच्या खोऱ्यात काही वर्षांनी ते परत आले, ते मात्र वेगळ्या कामासाठी.

१८२० नंतर काही वर्षे युरोपात प्रवास करून साइक्स १८२४ मध्ये हिंदुस्थानात परतले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची पुरती माहिती सरकारला हवी होती. जमीन किती, पीक कोणते, सारा किती, माणसे किती हे मोजण्यासाठी त्यांनी साइक्स यांची सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची पाहणी त्यांच्याकडे आली. कामाचा हेतू महसुलाचा होता. पण साइक्स यांची नजर महसुलावर थांबली नाही. हवेचा दाब आणि पाऊस, पक्षी आणि सस्तन प्राणी, रानरेशमाचा किडा, जमीनधारणेच्या पद्धती अशा सर्वांच्या नोंदी त्यांनी केल्या. १८२९ अखेर हे पद रद्द झाले. तरीही ते लष्करी कामावर परतले नाहीत. अपुरी पाहणी जानेवारी १८३१ मध्ये पुरी करूनच त्यांनी हा देश सोडला आणि १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर ते निवृत्त झाले.

दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या माळरानावरचा एक चंडोल आजही पक्षिनिरीक्षकांत त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोळसून या रानकुत्र्याला त्यांनी शास्त्रीय नाव दिले, त्यात दख्खन हा शब्द होता. पण त्यांचे सर्वांत चिरस्थायी काम ठरले ते माशांचे. दख्खनच्या नद्यांतील माशांवरील त्यांचे टिपण लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ मध्ये आले आणि पुढे १८४१ मध्ये चित्रांसह विस्ताराने छापले गेले.

त्या काळचे युरोपीय अभ्यासक नव्या प्राण्याला एखाद्या सरदाराचे, मित्राचे किंवा लॅटिन विशेषणाचे नाव देत. साइक्स यांनीही काही माशांना इंग्रज मित्रांची नावे दिली. बहुतेक माशांच्या बाबतीत मात्र त्यांनी स्थानिक लोक ज्या नावाने तो मासा ओळखत, तेच नाव शास्त्रात कायम केले. पुढे येणाऱ्या अभ्यासकाला नदीकाठी जाऊन त्या नावाने मासा मागता यावा, हा त्यामागचा साधा व्यवहारी विचार होता. त्यामुळे खुद्री, कोळस, शिंगटी, बोगट, मळ्या, मुसुल्ला ही भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची नावे लॅटिन वेश धारण करून जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसली. ज्यांनी ती नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे कोणत्याही कागदावर उरली नाहीत. त्यांचे ज्ञान उरले, ते या नावांच्या रूपाने.

यांपैकी खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून साइक्स यांनी त्याचे वर्णन केले. मोठे खवले, जाड ओठ आणि वाहत्या पाण्यात अंगी येणारे प्रचंड बळ यांमुळे इंग्रज गळकऱ्यांना या माशात हिंदुस्थानचा सॅमन दिसला. साइक्स यांच्या निधनानंतर वर्षभरातच, १८७३ मध्ये, मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला आणि झुंज देण्यात महाशीर सॅमनहून सरस असल्याचा निर्वाळा दिला. मराठी मुलखात मात्र या माशाला त्याआधीपासून वेगळा मान होता. महाडजवळ वाळणकोंड येथे किंवा वाड्याजवळ तिळसे येथे देवाचा मासा म्हणून त्याला कोणी मारीत नाही. तिळसे ज्या वैतरणेच्या काठी आहे, तिचेच पाणी मुंबईच्या उपनगरांतील नळांना येते.

साइक्स यांचे पुढचे आयुष्य सार्वजनिक कामात गेले. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक व १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी दिलेल्या नावांचे महत्त्व नंतरच्या काळात उमगले. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महाशीरची कृत्रिम पैदास सुरू केली. मुंबईच्या गळकऱ्यांनी १९५५ मध्येच पवई तलावाकाठी आपली संघटना उभारली होती. खेळासाठी मासा टिकला पाहिजे, ही जाणीव त्या काळात वाढत होती. लोणावळ्यात वाढविलेली खुद्रीची पिले दूरवरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीतही ती गेली आणि तेथे मात्र अनर्थ झाला. खुद्री तेथे फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर झपाट्याने घटला. त्या माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. अनेक वर्षे अभ्यासक त्याला साइक्स यांचा मुसुल्ला समजत होते. वास्तविक मुसुल्ला हा कृष्णा खोऱ्यातील निराळाच मासा. कावेरीच्या माशाची ओळख पटली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी अत्यंत संकटग्रस्त म्हणून त्याची नोंद करावी लागली. ज्याचे नावच ठाऊक नाही, तो मासा कमी होत असल्याची दखल तरी कशी घेतली जाणार?

डीचा सॅमनही सुखात नाही. ब्रिटनमधील सॅमन २०२३ मध्ये संकटग्रस्त ठरविण्यात आला. खुद्री जात म्हणून टिकून आहे; पण ज्या मुळा-मुठेने त्याला शास्त्रात जागा दिली, तिच्यातून आज पुण्याचे सांडपाणी वाहते. साइक्स यांनी नोंदविलेली नावे ग्रंथांत सुरक्षित आहेत. नदीकाठी जाऊन त्या नावाने मासा मागता यावा, ही त्यांची अपेक्षा मात्र पुण्याच्या पूर्वेस आता पुरी होणे कठीण आहे.