पेशव्यांशी लढलेल्या इंग्रज कर्नलने पुण्याच्या माशाला जगभर ओळख दिली

आमच्या भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. इथे मासा म्हणजे ढिवरांचं जाळं, बाजार आणि झणझणीत रस्सा. त्यामुळे हजारो रुपये खर्चून नदीकाठच्या कॅम्पवर जायचं, दिवसभर गळ टाकून बसायचं, मासा लागला की फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हे ऐकून घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

पण महसीर माशासाठी लोक हे करतात. पावसाळ्यात हा मासा अंडी घालायला प्रवाहाच्या उलट दिशेने वर जातो. पाऊस ओसरून पाणी निवळलं की गळवाल्यांचा सीझन सुरू. आपल्या दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव आहे टॉर खुडरी. यातला खुडरी हा शब्द इथलाच, आणि तो विज्ञानाच्या पुस्तकात गेला कर्नल विल्यम हेन्री साइक्समुळे.

साइक्सचा जन्म 1790 चा. वयाच्या तेराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नाव लागलं आणि पुढच्या वर्षी पोरगा मुंबईत दाखल. 1805 मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होता. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तिथे हा देशी शिपायांच्या पलटणीचं नेतृत्व करत होता. म्हणजे मुळा-मुठेच्या काठावर तो पहिल्यांदा मासे मोजायला आला नव्हता.

पेशवाई बुडाली. आता जिंकलेल्या मुलखात नेमकं आहे काय, हे कंपनीला हवं होतं. 1824 मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्सला आकडेवारी गोळा करायला नेमलं. काम सारा वसुलीच्या सोयीचं, हे उघड आहे. पण गडी त्यात रमला. लोकसंख्या, पिकं, हवामान मोजता मोजता पक्षी, प्राणी, मासेही नोंदवू लागला. 1829 मध्ये सरकारने हे पदच बंद केलं, तर याने लष्करातून रजा घेतली आणि 1831 पर्यंत काम पूर्ण केलं.

आपल्या नागझिऱ्यात दिसणाऱ्या रानकुत्र्याच्या दख्खनी प्रकाराच्या शास्त्रीय नावात दख्खन हा शब्द आहे, तोही साइक्सचाच उद्योग.

1839 मध्ये त्याचं दख्खनच्या माशांवरचं काम लंडनमध्ये छापून आलं. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला खुडरी त्यात होता. बऱ्याच माशांना त्याने लॅटिन नावं शोधत न बसता इथलीच नावं दिली. शिंगटी, मळ्या आजही त्यांच्या शास्त्रीय नावात टिकून आहेत. ही नावं सांगणारे कोळी-भोई मात्र कागदावर कुठेच नाहीत. मला हे खटकतं.

साइक्स रॉयल सोसायटीचा फेलोही होता. पुढे 1856 मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला, 1857 पासून ॲबर्डीनचा खासदार. 1872 मध्ये लंडनमध्ये वारला.

त्यानंतर वर्षभरातच, 1873 मध्ये, मद्रासकडचे अधिकारी एच. एस. थॉमस यांचं भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक आलं आणि साहेबलोकांना महसीरचं वेड लागलं. खरा हिरो होता कावेरी खोऱ्यातला कुबडवाला महसीर. 1946 मध्ये कबिनी नदीत असाच 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा धूड गळाला लागला होता.

इथे आपला खुडरी परत येतो. धरणं आणि सांडपाणी यामुळे तो कमी होत चालला होता, म्हणून 1970 च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने त्याची पिल्लं तयार करायला सुरुवात केली. काम भारीच होतं. पण यातली पिल्लं कावेरीतही सोडली गेली, गळवाल्यांना मासे मिळावेत म्हणून. खुडरी तिथे फोफावला आणि मूळचा कुबडवाला मागे पडत गेला.

या कुबडवाल्याला शास्त्रीय ओळख मिळाली थेट 2018 मध्ये, टॉर रेमादेवी म्हणून. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. खुडरीला जागतिक यादीत सध्या फारसा धोका नाही. पण देहूत इंद्रायणीवर, जिथे लोक त्याला देवाचा मासा म्हणून जपतात, तिथे मेलेले महसीर तरंगल्याच्या बातम्या येत असतात. आणि साइक्सला तो सापडला त्या मुळा-मुठेचं आजचं पाणी पुणेकरांना विचारा.