कॉमेटचा कर्ता आणि जबाबदारीचा प्रश्न

विमान कोसळले की दोष कोणाचा, हा प्रश्न चौघांच्या दारी फिरतो : ते बांधणारा कारखानदार, ते चालविणारी कंपनी, त्यास उड्डाणयोग्य ठरविणारी नियामक यंत्रणा आणि ते उडविणारा वैमानिक. पुष्कळदा तो वैमानिकाच्याच दारी मुक्काम करतो. कारण साखळीतील शेवटचा दुवा तोच असतो आणि बाजू मांडावयास तो अनेकदा जिवंतही नसतो. या प्रश्नाचा विचार करताना ब्रिटिश विमानकार सर जेफ्री डी हॅव्हिलंड यांचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही.

२७ जुलै १८८२ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. स्वतः बांधलेले त्यांचे पहिले विमान पहिल्याच उड्डाणात मोडले. दुसरे मात्र यशस्वी झाले. फार्नबरो येथील सरकारी कारखान्याने ते ४०० पौंडांस विकत घेतले आणि डी हॅव्हिलंड तेथेच नोकरीस लागले. १९२० साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिच्या ‘मॉथ’ जातीच्या लहान विमानांनी हौशी माणसालाही आकाश खुले केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते याच कंपनीच्या ‘पुस मॉथ’ विमानातून.

या व्यवसायाची किंमत त्यांनी घरातच मोजली. धाकटा मुलगा जॉन १९४३ मध्ये दोन विमानांच्या टकरीत गेला; थोरला जेफ्री १९४६ मध्ये नव्या विमानाची चाचणी घेताना. तरीही काम थांबले नाही. वडिलांच्या ६७ व्या वाढदिवशी, २७ जुलै १९४९ रोजी, ‘कॉमेट’ने प्रथम उड्डाण केले. २ मे १९५२ रोजी जगातील पहिली जेट प्रवासी सेवा लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर सुरू झाली.

दुर्दैवाचे फेरेही लवकरच सुरू झाले. ऑक्टोबर १९५२ मध्ये रोमला एक कॉमेट धावपट्टीवरून उठू शकले नाही; ठपका वैमानिकावर आला. मार्च १९५३ मध्ये कराचीला तशाच अपघातात ११ जण ठार झाले. त्यानंतर पंखांच्या पुढील कडेचा आकार बदलण्यात आला. दोष केवळ वैमानिकाच्या हातात नव्हता, याची ही मूक कबुलीच होय. २ मे १९५३ रोजी, सेवेच्या पहिल्याच वर्षदिनी, कलकत्त्याजवळ वादळात सापडून एक कॉमेट मोडले आणि ४३ प्रवासी व कर्मचारी मृत्युमुखी पडले. वादळाचे तडाखे किंवा वैमानिकाच्या हातून सुटलेला ताबा, अशी कारणे चौकशीत पुढे आली.

१० जानेवारी १९५४ रोजी निरभ्र आकाशातून एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ जण गेले. विमान कंपनीने उड्डाणे थांबविली. कारण सापडले नाही, तरी संभाव्य दोषांवर दुरुस्त्या करून २३ मार्चला ती पुन्हा सुरू झाली. कारखानदार, कंपनी, नियामक यंत्रणा आणि मंत्री या सर्वांची त्यास संमती होती. सोळाच दिवसांनी, ८ एप्रिल रोजी, नेपल्सजवळ दुसरे कॉमेट पडले आणि २१ जणांचा बळी गेला. सर्वांच्या संमतीने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी कोणा एकाच्या माथी येत नाही, हीच त्यातली खरी भीषणता.

अखेर उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र काढून घेण्यात आले. जेथे डी हॅव्हिलंड यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्या फार्नबरोलाच शोध सुरू झाला. एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, उड्डाणात आतल्या हवेचा दाब जसा चढतो-उतरतो तसा तो पुनःपुन्हा देण्यात आला. प्रत्यक्ष आणि टाकीतील मिळून ३,०५७ उड्डाणांनंतर विमानाची काया एका खिडकीच्या कोपऱ्याशी फाटली. एकाच ताणाच्या आवर्तनांनी धातू थकला होता. कारखान्याने आपल्या परीने चाचण्या घेतल्या होत्या. पण चाचणीसाठी वापरलेला भाग आधीच्या जादा दाबाने प्रत्यक्ष विमानापेक्षा टणक झाला होता, म्हणून त्यातून खोटा दिलासा मिळाला. नियामकांनी तोच मान्य केला होता. १९५५ च्या चौकशी अहवालाने कोणालाही हेतुपुरस्सर दोषी धरले नाही.

डी हॅव्हिलंड यांच्या कंपनीचे श्रेय याच्या पुढचे आहे. या शोधाचे निष्कर्ष तिने झाकून ठेवले नाहीत. अमेरिकी प्रतिस्पर्ध्यांनाही ते मिळाले. सुधारलेले कॉमेट १९५८ मध्ये अटलांटिकपार गेले, पण तोवर बाजारपेठ बोइंगकडे वळली होती. १९६० मध्ये कंपनी हॉकर सिडलेत विलीन झाली आणि २१ मे १९६५ रोजी सर जेफ्री निवर्तले.

२०१८ व २०१९ मध्ये इंडोनेशिया आणि इथिओपियात बोइंगची दोन ‘७३७ मॅक्स’ विमाने पडून ३४६ जण ठार झाले, तेव्हाही प्रथम वैमानिकांच्या कौशल्याविषयीच शंका घेतली गेली. पुढे उघड झाले की, एकाच संवेदकावर विसंबून विमानाचे नाक खाली दाबणारी एक स्वयंचलित प्रणाली तीत होती, आणि वैमानिकांना तिची पुरेशी माहितीच दिलेली नव्हती. चौघांत वाटली गेलेली जबाबदारी चौघांनीही पूर्ण आपलीच मानली, तरच प्रवासी सुरक्षित राहतो. आपले यंत्र परक्यांच्या हाती मोडू देण्याची आणि निघालेला दोष जगापुढे ठेवण्याची तयारी ही तिची पहिली कसोटी होय. कॉमेटच्या कर्त्याच्या वाट्याला ती आली, ती मात्र फार उशिरा आणि फार मोठ्या किमतीला.