दुष्काळाची लेक : पंडिता रमाबाई

अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविल्याबद्दल पंडितमंडळींचा रोष पत्करून ते सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे राहिले. तेथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे पुराणकथन करीत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरले. परलोकी पुण्य साठावे म्हणून हाती येईल ते दानधर्मात जाई. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा घरातले सर्व काही संपले. मजुरी कुळाला कमीपणाची, भीक त्याहून. शेवटी शास्त्रीबुवांनी पवित्र जलाशयात देह ठेवण्याचा निश्चय केला. पुत्र श्रीनिवासाने मजुरीची तयारी दाखविल्याने तो बेत राहिला. पण १८७४ च्या सुमारास आईवडील व थोरली बहीण गेलीच.

या वृद्धाला वेडा म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. ज्याला पुढचाच लोक खरा वाटतो, त्याला हा देह टाकाऊ वाटावा यात नवल नाही. आपल्या मंडळ्यांतही स्वर्गाची गीते गाता गाता शेजारचे उपाशी घर नजरेआड होतेच की!

रमाबाईंनी मात्र हाच प्रश्न आयुष्यभर वागविला. १८७८ साली कलकत्त्यात पंडिता ही पदवी मिळाली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरी तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सार्वकालिक जीवनावर त्यांचा आता दृढ विश्वास होता. पण त्यामुळे या जगातील देह त्यांना स्वस्त झाला नाही, उलट महागच झाला. १८८९ साली शारदा सदन निघाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली केडगावी घेऊन आल्या. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. जयपूरच्या बनी पार्कात राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी तिकडच्या वृद्धांच्या तोंडून ‘छप्पनिया’चे नाव ऐकले असेल; तोच हा, विक्रम संवत् १९५६ चा. या वेळी गुजरातेतून शेकडो मुली आल्या, आणि मुक्ती सदनातील संख्या सुमारे २,००० वर गेली.

त्यांना नुसते उपदेशाने पोसले नाही. विहिरी खणल्या, शेती केली, माग आणि छापखाना चालविला. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. ज्या मजुरीची शास्त्रीबुवांना लाज वाटली, तीच येथे रोजची भाकर झाली.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. आईने हातचे काम सोडले नाही. हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाची मुद्रिते त्या तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तेथल्या मुलींच्या हातून छापून निघाले.