मोडलेल्या चेहऱ्यांचा सर्जन

पहिल्या महायुद्धात सैनिक खंदकात उभे राहून लढत. धड मातीआड सुरक्षित, पण डोके वर काढावेच लागे. त्यामुळे गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे थेट चेहऱ्यावर बसत. जबडा किंवा नाक उडालेला माणूस पुष्कळदा जगत असे. पट्टी सुटल्यानंतर त्याने लोकांत कसे वावरायचे, याचे उत्तर मात्र तेव्हाच्या शल्यचिकित्सेकडे नव्हते. ते शोधण्यात हॅरोल्ड गिलीज यांनी आयुष्य घालवले.

जन्म १८८२चा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. केंब्रिज आणि लंडनला शिकून ते कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. गोल्फही उत्तम खेळत. १९१५मध्ये रेडक्रॉसतर्फे फ्रान्सला गेले असताना व्हॅलादिए नावाचे दंतवैद्य फुटलेले जबडे जोडताना त्यांनी पाहिले. पॅरिसमध्ये मोरेस्तँ यांनी चेहऱ्यावरची गाठ काढून ती जागा शेजारच्या त्वचेने झाकलेली पाहिली आणि गिलीज यांची दिशा ठरली. १९१६च्या सुरुवातीला अल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात त्यांना स्वतंत्र विभाग मिळाला. जुलैत सोमची लढाई सुरू झाली. तयारी दोनशे जखमींची होती, आले सुमारे दोन हजार. पुढच्याच वर्षी सिडकप येथे खास चेहऱ्यांच्या जखमांसाठी रुग्णालय उभे राहिले.

तोवरची पद्धत जखमेच्या कडा ओढून शिवून टाकण्याची होती. व्रण आकसला की तोंड वाकडे होई. गिलीज आधी उरलेले अवयव मूळ जागी नेत आणि मग किती मांस, हाड, त्वचा गेली याचा हिशेब मांडत. नवी त्वचा आणायची तर तिला रक्तपुरवठा हवा, म्हणून तिचे एक टोक शरीराला जोडलेलेच ठेवावे लागे. पण पट्टीची खालची उघडी बाजू चिघळे, आणि अँटिबायोटिक्स अजून यायची होती. १९१७मध्ये जटलंडच्या आरमारी लढाईत भाजलेल्या एका खलाशाच्या छातीवरची पट्टी उचलताना तिच्या कडा आतल्या बाजूला वळत असल्याचे गिलीज यांनी पाहिले. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवल्या. त्वचेची नळी तयार झाली, उघडी बाजू आत बंद झाली, जंतुसंसर्ग कमी झाला. (ओडेसात फिलातोव यांनीही साधारण त्याच काळात स्वतंत्रपणे हेच केले होते.)

सगळेच काही साधले नाही. राल्फ लम्ली या भाजलेल्या तरुण वैमानिकाचा जवळजवळ सगळा चेहरा गिलीज यांनी छातीच्या त्वचेने एकदम बदलायला घेतला. त्वचा सडली आणि १९१८मध्ये लम्ली दगावला. घाई नडली होती. त्यानंतर टप्प्याटप्प्याने काम करायचे, उद्यावर टाकता येईल ते आज करायचे नाही, हा त्यांचा नियम झाला. एकेका रुग्णावर कित्येक शस्त्रक्रिया होत, वर्षे जात.

सिडकपला वॉर्डात आरसे नव्हते. बाहेरच्या रस्त्यावर काही बाक निळे रंगवले होते; त्यावर बसलेला माणूस पाहून दचकू नये, हा गावकऱ्यांना इशारा. रुग्णांची चित्रे हेन्री टाँक्स हे सर्जन-चित्रकार काढत. चेहऱ्यावरच काम असल्याने भुलीचा मास्क आड येई, म्हणून मॅगिल आणि रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याचे तंत्र विकसित केले. आज ते प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये दिसते. तिथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या.

नाकासाठी ते वापरत त्यातली एक पद्धत आपल्या ओळखीची आहे. कपाळाची त्वचा खाली वळवून केलेल्या नाकाचे पुण्याजवळचे वर्णन लंडनच्या एका मासिकात १७९४मध्येच छापून आले होते. शस्त्रक्रिया करणारा विटा पाडणाऱ्या समाजातला होता, रुग्ण कावसजी नावाचा गाडीवान.

१९३०मध्ये गिलीज ‘सर’ झाले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवर उपचार करणारे आर्चिबाल्ड मॅकिंडो हे त्यांचे नातलग आणि शिष्य. १९४६पासून त्यांनी मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषावर त्वचेची तीच नळी वापरून तेरा शस्त्रक्रिया केल्या. त्या काळात ही बाब गुप्त ठेवावी लागली. माझ्या मते यातले धाडस युद्धातल्या कामाहून कमी नव्हते. काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. १९६०च्या ऑगस्टमध्ये, ७८व्या वर्षी, एका मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सप्टेंबरमध्ये लंडनला त्यांचे निधन झाले.