डिझेल नावाचा माणूस

कॉन्व्हेंटमध्ये असताना मला डिझेल म्हणजे फक्त पंपावर मिळणारं तेल वाटायचं. ते एका माणसाचं आडनाव आहे, हे इंजिनीअरिंगला आल्यावर कळलं.

आज गाडीचं ॲव्हरेज पडलं, 'चेक इंजिन'चा दिवा लागला, की मेकॅनिक स्कॅनर लावतो. पी०३०० कोड आला म्हणजे मिसफायर, एवढं समजतं. पण प्लग गेलाय, इंजेक्टर चोंदलाय की कुठून हवा शिरतेय, हे कोड सांगत नाही. ते शोधावंच लागतं. अशी शोधाशोध स्कॅनर नसताना ज्याने वर्षानुवर्षं केली, तो रुडॉल्फ डिझेल.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत ऑग्सबुर्गला पाठवलं. पुढे म्युनिकच्या कॉलेजात प्रोफेसर कार्ल लिंडे यांच्या लेक्चरला त्याने ऐकलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामाला लावतं. बाकी वाया! आपण असा आकडा परीक्षेपुरता लिहून घेतो. त्याच्या मात्र तो डोक्यातच बसला.

त्याची कल्पना अशी, की हवा खूप दाबली तर ती इतकी तापते, की त्यात इंधन सोडताच पेट घेतं. ठिणगीची गरज नाही आणि इंधनही कमी लागतं. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑग्सबुर्गच्या कारखान्यात काम सुरू झालं.

त्या काळचा स्कॅनर म्हणजे इंडिकेटर. सिलिंडरवर बसवलेलं हे छोटं यंत्र आतल्या दाबाची आकृती कागदावर काढायचं. आकृती बघून बिघाड कुठे आहे, याचा अंदाज बांधायचा. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्या चाचणीत दाब इतका चढला, की इंडिकेटरच फुटला आणि तुकडे उडाले. पण दाबाने इंधन पेटतं हे सिद्ध झालं होतं. १७ फेब्रुवारी १८९४ ला सुधारलेलं इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं, तेही मिनिटभर. मग पुन्हा मोजणी, पुन्हा बदल. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला प्रोफेसर श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली आणि आकडा आला २६ टक्के!

डिझेलला पैसा मिळाला, नाव झालं. पण घाईने बाजारात आणलेली इंजिनं बंद पडू लागली, पेटंटची भांडणं लागली, तब्येत ढासळली. जमिनीच्या व्यवहारांत पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या प्रेताजवळच्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. आत्महत्या की आणखी काही, हा वाद आजही मिटलेला नाही.

मला त्याची एक गोष्ट जास्त भावते. मोठ्या कारखानदारांसमोर छोट्या कारागिराला टिकता यावं, म्हणून त्याला परवडणारं इंजिन द्यायचं, अशी त्याची इच्छा होती. ट्रक, जहाजं, पाणबुड्या यांत ती मागे पडल्यासारखी वाटते. पण आमच्या श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर या, ती तिथे दिसेल. एक होडी, एक इंजिन आणि त्यावर चालणारं एक घर. डिझेल जास्त खाल्लं तर मासळी मिळूनही हातात काही उरत नाही. म्हणून तांडेलाचं लक्ष धुराकडे असतं. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाहीये, निळसर म्हणजे ऑइल जळतंय. त्याचा स्कॅनर तोच.

तेव्हा मित्रांनो, उद्या लॅबमध्ये स्कॅनरवर कोड दिसला की लगेच पार्ट बदलायला धावू नका. आधी मोजा, कारण शोधा. बदललेल्या पार्टचं बिल कुणाच्या तरी घरखर्चातून जात असतं.