वर्कहाऊसमधील बालक, पालक मंडळाचा अध्यक्ष : विल क्रुक्स

इंग्लंडमधील कामगार चळवळीचा इतिहास वाचताना विल क्रुक्स (१८५२-१९२१) या नावापाशी आम्ही थबकतो. लंडनच्या पूर्वेकडील पॉपलर या गोदीवस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील जहाजावर भट्टीत कोळसा घालीत. अपघातात त्यांनी एक हात गमावला. आई शिवणकाम करून सात लेकरांचे पोट भरी. अखेर १८६१ मध्ये वडील आणि पाच मुले पॉपलरच्या वर्कहाऊसमध्ये गेली. हे निराधारांचे सरकारी आश्रयगृह. पण तेथील पाहुणचार असा की अन्नासोबत अपमानही वाढला जाई आणि कुटुंबाची ताटातूट होई. नऊ वर्षांच्या विलला तर दूरच्या निराधार मुलांच्या शाळेत धाडण्यात आले.

चौदाव्या वर्षी ते पिंपे बनविण्याच्या धंद्यात उमेदवारीला लागले. पुढे चळवळ्या म्हणून कामावरून काढले गेले, कामाच्या शोधात लिव्हरपूलपर्यंत पायी गेले. परतल्यावर दर रविवारी सकाळी ईस्ट इंडिया गोदीच्या दारात ते कामगारांपुढे व्याख्याने देऊ लागले. १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपात त्यांनी मदतनिधी जमविला. याच संपात वृद्ध कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली होती, हे आपणा कॅथलिकांस विसरता येणार नाही.

फेबियन समाजवादी असलेले क्रुक्स १८९२ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून आले. सभासदांना वेतन नव्हते; मग मजुराने संसार कसा चालवावा? पॉपलरच्या कामगारांनीच वर्गणी काढून त्यांचा पगार उभा केला. आम्हास वाटते, मतांपेक्षा ही वर्गणीच मोठी.

त्यानंतर ते वर्कहाऊस चालविणाऱ्या पालक मंडळावर निवडून गेले. मालमत्तेच्या अटीमुळे तेथे मजुराचा प्रवेश आजवर दुरापास्त होता. पुढे ते अध्यक्षही झाले. जेथे बालपणी वडिलांचा हात धरून आत शिरले, तेथील कारभार आता त्यांच्या हाती होता! सहकारी जॉर्ज लॅन्सबरी यांच्यासह त्यांनी अन्न, वस्त्र आणि मुलांचे शिक्षण सुधारले.

यावर पैसा लागला, करदाते चिडले. १९०६ मध्ये सरकारी चौकशी बसली. मंडळाच्या उधळपट्टीवर ठपका आला. क्रुक्स यांच्या प्रामाणिकपणावर मात डाग लागला नाही. तोवर १९०१ मध्ये ते पॉपलरचे महापौर आणि १९०३ मध्ये वुलिचचे खासदार झाले होते.